उलटा बसवलेला पंखा

नोकरीत शेकड्यानं केसेस केल्या, पण ही एक आठवली की आजही मला खुर्चीत बसवत नाही. बायको म्हणते, सांगताना तुमचा आवाज चढतो. चढणारच! खून नाही, दरोडा नाही, एका जुन्या गाडीतला बशीएवढा पंखा. पण त्या पंख्यापायी एका माणसाचा संसार मोडायला निघाला होता, आणि मोडायला घेतला होता मी. नावं कुणाचीच सांगणार नाही. त्यातली काही माणसं अजून बाजारात भेटतात आणि चहा पाजतात.

मी तेव्हा उल्हासनगरच्या एका ठाण्यात होतो. दिवाळी नुकतीच झाली होती. बाजार बंद असण्याच्या दिवशी, भर दुपारी, मोटर रिवाइंडिंगच्या एका दुकानाचं मागचं शटर उचकटून तांब्याच्या तारेची बंडलं गेली. समोरच्या सीसीटीव्हीत तीन ते साडेतीनच्या दरम्यान एक जुनी, चौकोनी, पांढरी गाडी दिसत होती. नंबर धुरकट. संध्याकाळी माझ्या खबऱ्यानं टीप दिली, "साहेब, पानेवाल्याचं काम आहे."

पानेवाला म्हणजे आमचं जुनं गिऱ्हाईक. तरुणपणी गाड्यांच्या बॅटऱ्या आणि सुटे भाग चोरायचा. खिशात नट सोडायचे चार पाने, बस्स. उभ्या गाडीची बॅटरी दोन मिनिटांत काढायचा. मीच त्याला पहिल्यांदा धरला होता. नंतर त्यानं लग्न केलं, दोन मुली झाल्या, अंबरनाथला एका कारखान्याच्या गेटवर कामाला लागला. बारा-तेरा वर्षांत एकही तक्रार नाही. पण त्याच्याकडे जुनी, चौकोनी, पांढरी गाडी होती. मी म्हटलं, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याला गाडीसकट चौकशीसाठी उचलून आणला आणि ठाणे अंमलदाराला सांगितलं, स्टेशन डायरीला नोंद घे, संध्याकाळी अटक दाखवायची आहे.

त्यानं सांगितलेली गोष्ट अशी. आदल्या दिवशी तो नवा तांदूळ आणायला वांगणीजवळ सासुरवाडीला गेला होता. दीडला निघाला. बदलापूरच्या अलीकडे गाडी खडखडायला लागली आणि डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा लागला. बॉनेट उघडलं तर अल्टरनेटरचा, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा, पंखा ढिला झालेला. जुन्या गाड्यांत तो बाहेरच्या बाजूला, पुलीच्या मागे असतो. तो काढून परत बसवायला त्याला साडेतीन तास लागले. घरी पोहोचला सहाला.

माझं टाळकंच सरकलं. जो माणूस दोन मिनिटांत बॅटरी काढायचा त्याला एका पंख्याला साडेतीन तास? मी विचारलं, पंख्याशिवायच का नाही निघालास? म्हणाला, पट्टा त्याच पुलीवरून जातो आणि त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंप चालतो, इंजिन उकळलं असतं. फोन? बंद पडला होता. कुणी पाहिलं? कुणीच नाही. मी टेबलावर हात आपटला, आवाज चढवला, दोन तास तेच तेच प्रश्न उलटसुलट विचारले. उत्तर एका शब्दानं बदललं नाही. खोटं बोलणारा तिसऱ्या वेळी गोष्ट सजवतो, हे मला माहीत होतं. पण त्या दिवशी मला ते ऐकायचंच नव्हतं.

दहाच्या सुमाराला त्याची बायको आली. हातात डबा. रडणं नाही, ओरडणं नाही. माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "साहेब, ते दीडला माझ्या माहेरून निघाले आणि सहाला घरी आले. रस्ता तासाभराचा. लग्नाच्या वेळी मी एकच अट घातली होती. त्यांनी केलं असेल तर मला आत्ताच सांगा, मी पोरींना घेऊन जाते."

मी खुर्चीतून उठलोसुद्धा नाही. म्हटलं, "पुरावा आहे, बाई. तुम्ही तुमचं बघा."

तिनं डबा बाकावर ठेवला आणि निघून गेली.

दुपारी आमचे जीपचे ड्रायव्हर हवालदार, तीस वर्षं गाड्यांत काढलेला माणूस, अंगणात त्या पांढऱ्या गाडीभोवती घुटमळत होते. त्यांनी गाडी चालू केली. खर्रर्र, पत्र्यावर पत्रा घासल्यासारखा आवाज. बॉनेटमध्ये वाकून त्यांनी मला हाक मारली. "साहेब, पंखा उलटा बसवलाय. पाती अंगालाच घासताहेत. हे कुठल्या मेकॅनिकचं काम नाही."

मला काय सुचलं कोण जाणे, मी पानेवाल्याला बाहेर आणायला सांगितलं. हातात पाने दिले आणि म्हटलं, "काढ." काय सांगू तुम्हाला! पट्टा ढिला केला, नट फिरवला, पुली निघाली, मधली कडी निघाली, पंखा हातात. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. बघायला जमलेले शिपाई शीळ घालायचेच बाकी होते.

"आता बसव."

तिथे गडी अडला. कडी आधी का पंखा आधी? पंख्याची खोलगट बाजू आत का बाहेर? नट आवळायला गेला की पुलीच गरगर फिरायची. हवालदारांना माहीत होतं, पुलीवर जुना पट्टा आवळून धरायचा आणि मग नट कसायचा. ह्याला ते ठाऊकच नव्हतं. वीस मिनिटं झाली, घामानं शर्ट अंगाला चिकटला, आणि पंखा पुन्हा उलटाच बसला. शिपाई हसायला लागले. तो मान खाली घालून म्हणाला, "साहेब, मी आयुष्यभर काढायचंच काम केलं. परत बसवायला कोण थांबतो?"

मी हसलो आणि हसता हसता अंगावर काटा आला. त्याला पहिल्यांदा धरलं तेव्हाच हे मला कळायला हवं होतं. पण हवालदार पक्के. म्हणाले, नाटकही असू शकतं. मग त्यांनी पुली परत काढली आणि दांड्यावरचा एक खिळा उचलून दाखवला. पुली दांड्यावर घसरू नये म्हणून तिथे नखाएवढी, अर्धचंद्रासारखी लोखंडी चावी लागते. तिच्या जागी दगडावर घासून चपटा केलेला खिळा होता. पानेवाला म्हणाला, चावी गवतात उडाली, अर्धा वेळ तीच शोधण्यात गेला.

म्हणजे ती अजून तिथेच असणार! मी जीप काढायला सांगितली. ज्याचं दुकान फुटलं तो सिंधी व्यापारी नेमका तपासाचं विचारायला आला होता. लोहचुंबक हवं म्हटल्यावर त्यानं धावत जाऊन एका मोठ्या स्पीकरचं चुंबक आणून दिलं. म्हणाला, "ले जाओ साईं, चोर को छोड़ना मत."

पानेवाल्यानं दाखवलेल्या जागी आम्ही पाच जण, दोन पंच धरून, उन्हात रांगत होतो. दोरीला बांधलेलं चुंबक गवतातून ओढायचं, उचलायचं, बघायचं. बाटलीची बुचं, तारेचे तुकडे, घोड्याचा नाल. पाऊण तासानं हवालदारांनी चुंबक वर धरलं आणि त्याला ती इवलीशी चावी चिकटलेली होती, ग्रीससकट! मी त्यांना मिठीच मारली. एवढ्या नोकरीत मुद्देमाल खूप पकडला, पण असा आनंद कधी झाला नव्हता.

तरी वकिली डोकं म्हणतंच, चावी कालच पडली कशावरून? तेवढ्यात वरच्या टेकाडावरून शेळ्या राखणारी एक म्हातारी खाली आली. आदिवासी पाड्यावरची. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुमचं पन हरवलं का रं? काल ह्यो बाबा दुपारभर हितंच रांगत व्हता."

मी उडालोच. "मावशी, कधीपासून कधीपर्यंत?"

"जेवून शेळ्या सोडल्या तवापास्नं. उन्हं कलली तरी हाय आपला गवतात. मला वाटलं येडा हाय, म्हनून खाली आले न्हाय."

तिचा जबाब तिथेच लिहिला, अंगठा घेतला. तीनला हा माणूस बदलापूरजवळ गवतात होता, उल्हासनगरात नव्हता. पुढे चार दिवसांत खरा चोर तशाच दुसऱ्या पांढऱ्या गाडीसह सापडला. खबऱ्याला मी फैलावर घेतलं तेव्हा कबूल झाला, त्यानं काहीच पाहिलं नव्हतं. जुनं नाव सांगितलं की साहेब लगेच मानतात, एवढं त्याला माहीत होतं.

पण त्या संध्याकाळी चोर माझ्या डोक्यातही नव्हता. त्याची बायको पोरींना घेऊन माहेरीच गेली असणार, म्हणून तिथूनच जीप वांगणीकडे वळवली. सासुरवाडीच्या अंगणात त्याची बायको तांदूळ निवडत होती, मुली शेजारी बसलेल्या, पिशव्या अजून सोडलेल्या नव्हत्या. मी टोपी काढली आणि तिच्या आईवडिलांसमोर म्हणालो, "बाई, सकाळी मी चुकीचं बोललो. तुमच्या नवऱ्यानं चोरी केलेली नाही. साक्षीदार मिळालाय." असं वाक्य वर्दीत मी आधी कधी बोललो नव्हतो.

ती माझ्याकडे नाही, नवऱ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी पण मानलं हो. लगेच मानलं." आणि तिला रडू फुटलं.

तो तिच्या शेजारी खाली बसला. "मानशीलच गं. दीडला निघालो, सहाला आलो. तुझ्या जागी मी असतो तर मी पण मानलं असतं."

मी जीपकडे आलो. डोळे भरले होते, आणि हवालदार बघतायत हे कळूनही मी ते लपवले नाहीत.

माणसाचं जुनं रेकॉर्ड त्यानं काय केलं होतं ते सांगतं, काल दुपारी तो कुठे होता ते सांगत नाही. हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण अंगी मुरलं ते त्या गवतात. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत कुणाचीही आई, बायको, बहीण ठाण्यात विचारायला आली की मी आधी खुर्चीतून उठायचो आणि प्रत्येकीला एकच सांगायचो. चौकशी चालू आहे. तोवर घर सोडू नका.