आंबट चेरीची चढती रेघ

“मॅडम, पेन द्या,” आप्पा म्हणाले. मी पेन दिलं नाही.

विंचूरच्या आमच्या फॅक्टरीतली ती मीटिंग. फळांचा पल्प आणि बेकरीचं फिलिंग, म्हणजे केक-पेस्ट्रीच्या पोटात भरतात तो घट्ट गर, हा आमचा धंदा. आप्पा मालक. मूळचे नामपूरचे, पिढीजात कांदेवाले. मी पर्चेस बघते. कच्चा माल कुठून, कधी आणि काय भावाने घ्यायचा, हे माझं काम. टेबलावर मुंबईच्या एका मोठ्या बेकरीचं कॉन्ट्रॅक्ट आप्पांच्या सहीसाठी होतं. त्यांना आंबट चेरीचं फिलिंग हवं होतं. ही चेरी आपल्याकडे होत नाही, युरोपातून फ्रोझन आणावी लागते. कुठल्या देशातून ते सांगणार नाही. माल अजून तिथूनच येतो, आणि वाचणाऱ्यांत आमचे स्पर्धकही असतील.

अट अशी होती: तीन वर्षं, ठरलेला माल, ठरलेला भाव. कमी पडला तर दंड.

आप्पांची घाई नफ्यासाठी नव्हती. द्राक्ष-आंब्याचा सीझन संपला की आमची लाइन थंडावते आणि फळं निवडणाऱ्या बायका पेठ-सुरगाण्याच्या डोंगरांत आपल्या गावी परत जातात. यंदा आप्पांनी त्यांना वर्षभर कामाचा शब्द दिला होता. त्या भरवशावर बायकांनी पोरांची नावं इथल्या शाळेत घातली होती. गोठवलेली चेरी कधीही आणता येते, लाइन चालू राहते. म्हणून हा आटापिटा.

आप्पांची मुलगी प्राजक्ता मार्केटिंग बघते. कामाला वाघ आहे. तिने पडद्यावर त्या देशाच्या आंबट चेरीच्या उत्पादनाचं मूल्य वर्षवार दाखवलं होतं. रेघ डावीकडून उजवीकडे दिमाखात चढत गेलेली.

“तिकडं चेरीत लय पैसा झालाय,” आप्पा म्हणाले. “पैसा झाला की लोक लावतात. माल कमी पडायचा नाय.”

हा अस्सल आमच्याकडचा हिशेब. शेजाऱ्याचे द्राक्षात पैसे झाले की पुढच्या साली अख्खा शिवार द्राक्ष लावतो.

“आप्पा, ही रेघ चेरीची नाही,” मी म्हणाले, “चेरीच्या भावाची आहे.”

मूल्य म्हणजे माल गुणिले भाव. सरकारी आकड्यांत ते दोन तऱ्हांनी मांडतात. चालू किमतीत, म्हणजे ज्या त्या वर्षीचा भाव धरून. आणि स्थिर किमतीत, म्हणजे एकाच वर्षीचा भाव सगळ्या वर्षांना लावून. दुसऱ्या तऱ्हेत भावाचा फुगवटा निघून जातो आणि खरोखर पिकलं किती ते कळतं. प्राजक्ताने पहिली रेघ घेतली होती. मी दुसरी काढून आणली होती. ती पडद्यावर लावली.

चढण गायब! रेघ सपाट, मधे मधे खड्डे आणि शेवटाकडे उतार. फुलोऱ्यात दंव गोठून मोहोर जळला की खड्डा. उताराचं कारण मी सप्लायरला विचारून घेतलं होतं: म्हाताऱ्या बागा तोडत होते आणि नव्या कुणी लावत नव्हतं.

“म्हणजे खड्ड्याच्या वर्षी माझी रेघ उलट वर गेली?” प्राजक्ताने विचारलं.

“हो. माल नाही, म्हणून भाव.”

भर मीटिंगमध्ये मी मालकाला अडवलं होतं. पण आप्पा एकदम हसले. “आमच्या नामपूरला एका साली कांद्याला सोन्याचा भाव. गावभर बोलबाला, कांदेवाल्यांची चांदी झाली म्हणून. आन् आम्ही पोरं कांदा साठवायच्या रिकाम्या चाळीत क्रिकेट खेळत होतो!” मग मुलीकडे वळून म्हणाले, “तुझी चूक नाय, पोरी. मी कांदेवाला असून बी रेघ तशीच वाचली.”

मी बरेच मालक पाहिले आहेत. इतक्या सहज आपली चूक कबूल करणारा हा एकच. आणि पुढे त्यांनी जे केलं, ते मला सुचलंही नव्हतं. त्यांनी तिथूनच बेकरीच्या शेठना फोन लावला, स्पीकरवर.

“शेठ, सही नाय करत.”

“का? भाव कमी वाटतो?”

“भाव नाय, माल. तिकडं दंव पडलं तर तुम्हाला चेरी कुठून देऊ? निम्मी चेरी देतो, ती देतोच. बाकी निम्मं करवंदाचं फिलिंग घ्या.”

शेठ हसायला लागले. “मग त्यावरही चेरीच लिहा. केकवरची लाल चेरी तरी कुठे चेरी असते? करवंदच पाकवून रंगवतात.”

“डब्यावर करवंदच लिहायचं. ते बी आंबटच हाय, त्याला दुसऱ्याचं नाव कशाला?”

शेठनी सॅम्पल मागवलं. करवंदं आमच्याच बायकांच्या डोंगरांतून आली. पहिल्या ट्रायलला करवंदाच्या चिकट चिकाने मशीन अडकलं, बायकांनी मनसोक्त हसून घेतलं. पण सॅम्पल आवडलं, आणि कॉन्ट्रॅक्ट आप्पांच्या अटींवर झालं.

पुढच्याच वर्षी तिकडे फुलोऱ्यात दंव पडलं. सप्लायरने आमच्या मागणीला जेमतेम पुरेल एवढीच चेरी दिली. जुन्या अटींवर सही असती तर दंड भरता भरता लाइन बंद पडली असती. आमची चालू राहिली, कोल्ड स्टोरेजमधल्या करवंदांवर. शाळेतून एकही नाव कमी झालं नाही. आणि त्या देशाच्या चेरीच्या मूल्याची रेघ? त्या वर्षी ती आणखी वर गेली.

प्राजक्ता आता दोन्ही रेघा शेजारी शेजारी दाखवते. तरीही पडद्यावर काही चढताना दिसलं, की आप्पा आधी विचारतात, “चाळीत कांदा हाय का?”