हलव्याच्या हारावर मधमाश्या
लग्नानंतरची पहिली संक्रांत, म्हणून आईने पुण्याहून हलव्याचे दागिने पाठवले. शेगडीपुढे बसून तिळावर साखरेचा काटा फुलवत केलेला हलवा; त्याचा हार, बांगड्या, बिंदी. पार्सल बंगळूरला उशिरा पोचलं, पण असे दागिने रथसप्तमीपर्यंत चालतात. सोबत चिठ्ठी होती : "तुझ्या पत्रांतून काही कळत नाही. दागिने घालून फोटो पाठव, चेहरा तरी पाहीन." खरंच होतं ते. इंग्रजी शाळेत शिकलेली मी, माझं मराठी पत्र चार ओळींत संपायचं. 'मी मजेत आहे' ही शेवटची ओळ. तिच्यावर आईचा विश्वास नसे.

ह्यांनी कारखान्यातल्या मित्राचा कॅमेरा आणला. रोलमध्ये एकच फोटो उरला होता. उजेडासाठी बसवनगुडीतल्या आमच्या अंगणात, आंब्याखाली खुर्ची मांडली. काळी साडी, पांढरे दागिने, मी ताठ. थंडी सरत आली होती. आंबा नुकता मोहरला होता आणि वर सगळा मोहोर गुणगुणत होता.

एक मधमाशी खाली आली. हारावर बसली, जीभ लावली, निघून गेली. मला वाटलं, हलवा आवडला नसावा. थोड्या वेळाने ती पाच-सहा जणींना घेऊन आली.

"अय्यो, हलू नको गं!" घरमालकीण अक्का ओरडल्या. त्यांचं मराठी घराणं कित्येक पिढ्या इथलंच. "स्वल्प थांब, धूर आणते!"

"धूर नको, फोटोत येईल," हे म्हणाले.

"मग तिचं तोंड सुजल्यावर काढा फोटो!"

न हलणं मला छान जमतं. वर्गात कोणी प्रश्न विचारू नये म्हणून मी तासन्‌तास तशीच बसत असे. पण एक माशी, मागच्या पायांवर मोहोराचे पिवळे कण घेऊन, मानेवरून चालत कानापर्यंत आली. इतक्या गुदगुल्या! मी ओठ घट्ट मिटले. दुसरी बिंदीवरून घसरून थेट नाकावर आली, आणि मी हसत सुटले. खांदे गदगदा हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. माश्यांना त्याचं काही नव्हतं, त्या चाटत राहिल्या. ह्यांनी दचकून बटण दाबलं.

फोटो धुऊन आला. डोळे मिटलेले, सगळे दात बाहेर, हार पुसट.

"वाया गेला," हे म्हणाले. "नवा रोल आणतो. रविवारी नीट काढू."

"मुळीच नाही!" माझाच एवढा मोठा आवाज ऐकून मला पुन्हा हसू फुटलं. "आईला हाच जाऊ दे."