टोपणनावांची फाईल

रुग्णालयाच्या लॅबच्या सर्व्हर रूममध्ये नाना सव्वीस वर्षं बसत. रोज सकाळी सातच्या आत रक्ताचे रिपोर्ट वॉर्डाप्रमाणे लावून पाठवायचे, हे त्यांचं काम. खरं तर काम करायच्या त्यांनी स्वतः लिहिलेल्या चाळीसेक स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाने ओळीने पाळायच्या कमांडच्या याद्या. माऊसला ते हात लावत नसत. काळ्या पडद्यावर कमांड टाइप करायची, एंटर मारायचं आणि चहाला उठायचं. मी शेजारच्या टेबलावर; वयाने त्यांच्या निम्मी, तोंडाने दुप्पट.

मग वरून आदेश आला. ज्या शेलमध्ये, म्हणजे काळ्या पडद्यामागच्या प्रोग्रॅममध्ये, आपण कमांड लिहितो तो शेलच बदलणार, स्क्रिप्टही नव्या भाषेत लिहायच्या. नानांची तीन महिन्यांनी परीक्षा. नापास झाले तर टपालाच्या खिडकीवर बदली.

नाना शाळकरी पोरासारखे वही घेऊन बसले. जुन्या शेलला सगळा नुसता मजकूर दिसायचा. तिसरा रकाना काप म्हटलं की तो कापायचा. नवा शेल रकान्याला नावाने ओळखतो. नाना तरी पडद्यावर बोट ठेवून रकाने मोजत.

“अहो, मोजताय काय? नावाने मागा ना!”

“सव्वीस वर्षं तिसराच म्हणत आलोय गं. आता एकदम नाव कसं तोंडात येणार?”

नानांच्या बायको, काकू, मला फोनवर म्हणाल्या, “ताटाशेजारी वही असते. मीठ हवं असलं तरी आधी वहीत बघतील असं वाटतं.” आम्ही दोघी हसलो. तेव्हा हसू येत होतं.

दीड महिन्यात त्यांची एकच स्क्रिप्ट चालली. सात ओळींची, तारखेप्रमाणे रिपोर्ट लावणारी. तिला अकरा दिवस लागले. मला ते सगळं पालथ्या घड्यावर पाणी वाटलं. एका दुपारी माझं डोकं फिरलं आणि मी त्यांच्या मशीनवर एक फाईल करून ठेवली. त्यात नव्या शेलच्या प्रत्येक कमांडला टोपणनाव दिलं होतं आणि टोपणनाव म्हणजे त्यांची जुनी कमांड. त्यांनी जुनं टाइप करायचं, आत नवं चालायचं.

“घ्या, सुटलात! तुमच्या कमांड आता नव्या शेललाही कळतात,” मी म्हणाले. फाईलचं बोललेच नाही.

नानांची बोटं पुन्हा धावू लागली. लॅबचे साहेब मागे उभे राहून म्हणाले, “नाना, जमलं की तुम्हाला!” नाना लाजले. वही कपाटात गेली. त्यांना येतंय असं त्यांना वाटलं आणि मला तर माझ्याच हुशारीचं कौतुक वाटत होतं.

परीक्षेसाठी कोरं मशीन लावायचं काम साहेबांनी माझ्याकडेच दिलं. नाना खुर्चीत बसले आणि त्यांनी पहिली कमांड टाइप केली, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. टोपणनावांची फाईल त्यांच्या मशीनवर होती, या मशीनवर नव्हती.

‘अशी कमांड सापडली नाही.’

त्यांनी स्पेलिंग तपासलं, पुन्हा टाइप केली. तिसऱ्यांदा एकेक अक्षर सावकाश दाबलं, कमी ऐकू येणाऱ्याशी बोलावं तसं. पाऊण तासाने ते साहेबांकडे वळले. “मशीन बिघडलंय का हो?”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. फाईलचं सांगितलं असतं तर मी काय करून ठेवलं होतं तेही सांगावं लागलं असतं. मला माझी नोकरी जाताना दिसली.

“नाही,” मी म्हणाले. “मशीन बरोबर आहे.”

आठवड्याने मी टपालाच्या खिडकीशी गेले. नाना पाकिटांवर शिक्के मारत होते. मी सगळं सांगितलं, माफी मागितली आणि रडलेसुद्धा. अकरा दिवसांत सात ओळी शिकणारा माणूस पुढच्या सात ओळीही शिकला असता. ते शिकणं मी थांबवलं होतं.

नानांनी शिक्का खाली ठेवला.

“अगं, मला कळलं होतं ते,” ते म्हणाले. “परीक्षेच्या दिवशी घरी जाताना कळलं. पण ते दीड महिने मला वाटत होतं ना, की मला येतंय. फार बरे गेले गं ते दिवस.”