कोरोवायला लागणाऱ्या बायका

अरुणाला राग येत नाही, अशी तिची ख्याती होती. "आमची सून म्हणजे गरीब गाय," असं सासरचे कौतुकाने सांगत. ते ऐकून तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा, पण दिसायचा कुणाला? नागपूरला ती नर्सिंग शिकलेली. कॅनडातल्या लंडन नावाच्या गावी आल्यावर लायसन्सच्या परीक्षेला बसते म्हणाली, तर विलास म्हणाला, "तुला झेपणार आहे का ते?" विलास इंजिनिअर. त्याला सगळं झेपायचं, बायकोशी धड बोलणं तेवढं झेपत नसे. अरुणा अजून वृद्धाश्रमात चादरी बदलते. विलास तसा वाईट माणूस नाही, असं मित्रमंडळी म्हणतात. म्हणायला त्यांचं काय जातं!

त्यांची लेक ईशानी मार्कोशी लग्न करत होती. मार्को युक्रेनी घरातला. लग्नाच्या आदल्या शनिवारी त्याच्या आजीने, ओल्हाने, चर्चच्या बेसमेंटमध्ये कोरोवाय करायला बायका जमवल्या. कोरोवाय म्हणजे त्यांच्याकडचा लग्नाचा पाव. उंच, गोल, वर पिठाचीच पाखरं आणि पानं.

"आई, त्याला मॅरीड बायकाच लागतात. तू ये ना, प्लीज," ईशानीने फोनवर सांगितलं होतं. अरुणाला वाटलं, आपल्यासारखंच असणार. नवरा हयात, की बाई सवाष्ण. तिने हिरव्या बांगड्या घातल्या, ठसठशीत कुंकू लावलं. विलासने तिला सोडलं आणि पार्किंगमध्ये गाडीतच बसला. "लवकर आटप, मला मॅच बघायचीय."

आत सगळ्याजणींनी एकाच भांड्यातल्या पाण्यात हात धुतले. अरुणानेही बांगड्या मागे सारून धुतले. मग ओल्हाआजी इंग्रजीत सांगू लागली, "कोरोवा म्हणजे गाय. कोरोवाय हे नाव त्यावरून पडलं, असं माझी आई सांगायची. दुसरे आणखी काही सांगतात. नाव कशावरूनही असो, त्याचा अर्थ इतकाच की ज्या हातांनी हे पीठ मळलं, त्या हातांचा संसार पोरांना मिळतो. म्हणून विधवा नको, घटस्फोटवाली नको आणि रडत नांदणारी तर नकोच नको. सुखी बाईनेच हात घालायचा."

एकेक बाई नवऱ्याबद्दल काहीबाही गोड बोलत होती, हसत होती, पिठात हात घालत होती. अरुणाची पाळी आली.

आधी तिला म्हातारीचाच संताप आला. ही कोण विचारणार? इतक्या हळदीकुंकवांना गेली, ओटी भरून घेतली. तू सुखी आहेस का, असं कुणी विचारलं नव्हतं. नवरा जिवंत आहे ना, मग झालं! त्या सगळ्या बायकांचा राग आला. मग स्वतःचा आला, आणि तो सगळ्यात मोठा होता. खोटं बोलायची तिला चांगली सवय होती. पण हा पाव ईशानी खाणार होती.

"माझे हात नकोत यात," ती म्हणाली.

"आई! जस्ट से इट. नोबडी इज गोइंग टू चेक!" बाजूला उभी असलेली ईशानी म्हणाली.

"मी करतेय ना चेक!" अरुणा ओरडली. "तीस वर्षं तुझ्या बाबाने मला माणसात धरलं नाही. ते तुझ्या पावात कालवू?"

मराठी बाकी कुणाला कळली नाही, पण लाटणी थांबली. ईशानीचा चेहरा पांढराफटक पडला. "आय नो, आई," ती हळूच म्हणाली. "मला माहीत होतं." ओल्हाआजीने काही न विचारता अरुणापुढे टॉवेल धरला.

बाहेरून हॉर्न वाजला. परत वाजला. अरुणा तशीच बाहेर पडली.

"झालं का? एवढा वेळ एका पावाला?" विलासने काच खाली केली.

"माझ्याशिवाय करतायत. त्याला सुखी बायका लागतात."

विलास हसला. "मग? तुला काय धाड भरलीय?"

अरुणाने त्याच्या बाजूचं दार उघडलं. जन्मभर ती त्याला अहो-जाहो करत आली होती.

"उतर, विलास. आत चल आणि हेच सगळ्यांसमोर विचार. तुझी लेक उत्तर देईल."

विलास उतरला नाही. त्याने दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं. मग म्हणाला, "दार लाव. थंडी येतेय."

"तुझ्या हाताने लाव," अरुणा म्हणाली आणि बसस्टॉपकडे चालू लागली.