स्तानोयेचा पेला

मुलीचं, नेदाचं लग्न ठरलं तेव्हा विदोसावाने आधी कोपऱ्यातल्या संत पेत्काच्या तसबिरीपुढे दिवा लावला आणि मग ती काळजी करायला बसली. काळजी स्वयंपाकाची नव्हती. कोबीच्या पानांत खिमा गुंडाळायला तिला डोळे उघडे लागत नसत. काळजी होती नवऱ्याची. स्तानोयेने मठात मेणबत्ती लावून राकिया, ती फळांची कडक दारू, सोडली होती, त्याला सात वर्षं झाली होती. त्याआधीच्या दिवसांची आठवणसुद्धा तिला नको होती. आणि त्यांच्या गावात तर मुलीचा बाप लग्नाच्या दिवशी बाटली घेऊन फाटकात उभा राहतो, येईल त्याचा पेला भरतो आणि प्रत्येकाबरोबर स्वतःही घेतो. नाही घेतलं तर पाहुण्याचा अपमान.

म्हणून बेलग्रेडहून आलेली नेदा जेव्हा म्हणाली, "आई, बागेत चाकांवरचा बार आणू या, हल्ली सगळे आणतात," तेव्हा आई नाक मुरडेल या तिच्या अंदाजाला सुरुंग लागला.

"आण," विदोसावा म्हणाली. "पण निवडणार मी."

"तू? तू तर चर्चमधला वाइनचा चमचा सोडून कशाला तोंड लावत नाहीस!"

"म्हणूनच मी."

बाटली घरच्या हातातून परक्याच्या हातात जाणार होती. देवाने मुलीच्या तोंडून उत्तर पाठवलं, असंच तिने धरलं.

चव दाखवायला पहिला आला तो एक रुबाबदार तरुण, काळ्या चकचकीत गाडीतून. अक्रोडाच्या झाडाखाली त्याने दिवे लावले, पेल्यांतून धूर काढला, बाटली पाठीमागून उडवून झेलली. नेदा टाळ्या वाजवत होती. स्तानोयेने आपल्या पेल्यावर हात ठेवला, तसा तो तरुण हसला. "काय बाबा, मुलीचं लग्न आणि एक घोट नाही? कोण बघतंय?"

"मी बघतेय," विदोसावा म्हणाली आणि त्याच्या हातात मधाच्या केकची पुडी देऊन तिने त्याची बोळवण केली. रिकाम्या हाताने कुणाला पाठवायचं नाही, एवढं खरं. पण फाटक तिने स्वतः लावून घेतलं.

नेदा रुसली. "आता कुणीही आणलंस तरी तुला पसंत पडणार नाही."

दुसरी आली झोरित्सा. चाळिशीची, गोल चेहऱ्याची, पायात रबरी बूट. एकेकाळी घोडे वाहून नेणारा गाडीमागचा डबा तिने निळा रंगवून त्यालाच खिडकी पाडली होती. तिने सगळ्यांचे पेले भरले. स्तानोयेने पुन्हा पेल्यावर तळहात ठेवला. झोरित्साने काही विचारलं नाही. तिने तो पेला उचलला, ती आत गेली आणि तोच पेला सोनेरी रंगाने भरून त्याच्यापुढे ठेवला. त्याने हुंगलं. एक घोट घेतला. कपाळावरच्या आठ्या उलगडल्या.

"यात आहे काय?" विदोसावाने तिला बाजूला घेऊन विचारलं.

"कॅमोमाईलच्या फुलांचा काढा, मध आणि ठेचलेलं आलं. घशाला चटका बसायला हवा ना, काकू. रिकामा पेला दिसला की लोक भरायला धावतात. भरलेल्याकडे कोण बघतंय?"

विदोसावाने तिचे दोन्ही गाल धरून मुके घेतले. निवड झाली.

लग्नाच्या दिवशी वाजंत्री, घोड्यांना शकुनाचे म्हणून बांधलेले टॉवेल, फाटकात गर्दी. स्तानोये नव्या कोटात उभा, हातात पेला, प्रत्येकाच्या पेल्याला पेला भिडवून तो तळापर्यंत रिकामा करणारा. तोंडावर हसू, पावलं सरळ. तेवढ्यात त्याचा थोरला भाऊ क्रसमान पुढे आला. गावात त्याच्या तोंडाला कुणी लागत नसे.

"इतकी प्यालास आणि डुलत नाहीस? बघू, बायकोने पाणी तर नाही भरलं?" म्हणत त्याने पेला हिसकावला.

वाजंत्री थांबली. विदोसावाने छातीवर क्रूसाची खूण केली आणि डोळे मिटले. क्रसमानने घोट घेतला. भावाकडे पाहिलं. याच भावाला त्याने कितीदा खांद्यावर टाकून घरी आणलं होतं.

"आई गं!" तो किंचाळला. "आग आहे रे, आग! घसा जळाला! ही फक्त माझ्या भावालाच पचते. बाकीच्यांनी हात लावला तर खबरदार!"

हशा पिकला, वाजंत्री दुप्पट जोराने सुरू झाली, आणि स्तानोयेने भावाला अशी मिठी मारली की दोघांच्या टोप्या पडल्या.

विदोसावा धावत निळ्या डब्याकडे गेली, आभार मानायला. पाहते तो क्रसमान खिडकीत वाकून उभा.

"मलाही तीच दे, पोरी. डॉक्टरने बंद केलीय. पण हे बाहेर गेलं तर बघ!"

"तुमच्याआधी बँडवाला येऊन गेला," झोरित्सा कुजबुजली. "आणि फादरसुद्धा, त्यांना अजून गाडी चालवायचीय. काकू, काढा संपत आला हो!"

"विदोसावा, तू कधी आलीस?" क्रसमान दचकला.

"मी काही ऐकलं नाही, भाऊजी," विदोसावा म्हणाली. रेशमी पोशाखाच्या बाह्या दुमडत ती स्वयंपाकघरात शिरली, सर्वांत मोठं पातेलं चुलीवर चढवलं, आणि बाहेरच्या गाण्यावर गुणगुणत आलं ठेचायला लागली.