लाइटर त्याच्याकडे होता

माझी मुलगी फोनवर इंग्रजीत कोणाकडे तरी लाइटर मागत होती आणि मागे एक पुरुष रडत होता. फोन मिक्सरला टेकवून मी आमटीला फोडणी घालत होते. मग ती मला मराठीत म्हणाली, "आई, इकडे आग आलीय. ह्याच्याकडे लाइटर आहे आणि हा देत नाहीये."

तिच्या मागे वाळलं गवत पेटल्याचा आवाज होता. मी रायगडातली. लग्नाआधी दर वर्षी पावसाआधी शेतात पालापाचोळा पेटवून राब भाजलेला आहे. तो आवाज कसला, हे मला विचारावं लागत नाही. मी म्हटलं, "देत नाही म्हणजे काय?" तोवर फोन बंद झाला होता.

मुलगी झांबियात होती. आगीचा अभ्यास करणं ही तिची नोकरी. आम्ही दुबईत डिस्कव्हरी गार्डन्समध्ये राहतो, तिथल्या बायका मला लिफ्टमध्ये विचारत, हे काय काम आहे का? काम आहे. तिकडे खेडोपाडी रानं पेटतात. कुठलं झाड जगलं, गवत किती आलं, मधमाश्या परतल्या का, लोक पूर्वी कधी आणि कुठे जाळत, हे ती पायी हिंडून बघते. तिथल्या लोकांची पद्धत अशी की पाऊस संपून गवत अर्धवट ओलं असतानाच ते थोडं थोडं जाळून टाकायचं. ती आग गुडघ्याएवढी असते. मग उन्हाळ्यात मोठी आग आली तर तिला खायला काही उरत नाही.

इथल्या, दुबईतल्या एका कंपनीने तिकडचं एक रान कराराने घेतलं. रान जळलं नाही, म्हणून धूर झाला नाही, आणि तो न झालेला धूर मोठमोठ्या कंपन्यांना विकायचा, असा धंदा. मुलीने मला दोनदा समजावला. मला पहिल्याच वेळी समजला होता, पण खरा वाटला नव्हता. कंपनीने जाळण्यावर बंदी घातली. रानात शिरताना रखवालदार प्रत्येकाचे खिसे, पिशव्या तपासून काड्यापेटी काढून घेत. गवत माणसाच्या डोक्यावर गेलं. बंदीचा उपयोग होतो का ते बघायला कंपनीनेच मुलीच्या संस्थेला बोलावलं होतं. तिने लिहून दिलं की होत नाही, उलट आता पेटलं तर सगळंच जाईल. कंपनीने तिला पुन्हा नीट बघून यायला सांगितलं. म्हणून ती तिथे होती.

रोज दुपारी ती एका मोठ्या वारुळावर चढून मला फोन करायची, कारण रेंज तिथेच मिळे. बरोबर गाडीचा ड्रायव्हर, कंपनीचा रखवालदार आणि त्यांचा स्वयंपाक करणारी गावातली बाई. ती बाई माझ्या वयाची. फोन हातात घेऊन ती तिच्या भाषेत काहीतरी लांबलचक बोलायची, मी मराठीत विचारायचे, जेवलात का? मग दोघी हसायचो. त्या दिवशी ती फोनवर आली नाही. पाणी आणायला ओढ्यावर गेलीय, असं मुलगी म्हणाली होती.

मी कळवल्यावर जावई रास अल खोरच्या त्याच्या वर्कशॉपमधून तसाच निघून आला. त्याने संस्थेच्या ऑफिसात फोन लावला. तिकडून पहिला प्रश्न आला, त्या दिवशी कॅम्पबाहेर जायची परमिशन तिने घेतली होती का? हे मला सांगताना त्याची मान खाली होती. मी म्हटलं, "त्यांना सांग, आगीनेही घेतली नव्हती." गावाकडून नणंदेचा फोन आला. लेकरू आजीपाशी ठेवून बाईमाणसाने कशाला जावं, असं तिचं म्हणणं. मी फोन ठेवून दिला. पुरुष गेला असता तर हिने नारळ फोडला असता.

संध्याकाळी ड्रायव्हरच्या फोनवरून मुलगी बोलली. रखवालदाराने शेवटी लाइटर दिला होता. रानात काडी ओढली तर नोकरी जाते, म्हणून तो रडत होता. मुलीने त्या लाइटरने पुढचं गवत पेटवलं. वारा ती आग पुढे घेऊन गेला, मागे काळी जमीन उरली आणि तिघं तिच्यावर पालथी पडून राहिली. मोठी आग बाजूंनी निघून गेली. ओढा मात्र आग आली त्याच बाजूला होता.

ती हातांना बँडेज बांधून घरी आली, त्यानंतर कंपनीचा माणूस खजुराचा डबा घेऊन आला. मराठीच होता, मुद्दाम निवडून पाठवलेला. मला काकू म्हणाला. आपण आपली माणसं, असंही म्हणाला. सुदैवाने आपलं कोणी गेलं नाही, म्हणाला. मी विचारलं, "स्वयंपाकाची बाई?" तर म्हणाला, "ती स्टाफवर नव्हती, काकू."

मी डबा उघडला नाही.

त्याचं काम असं होतं. झांबियाच्या पोलिसांनी रखवालदाराला धरलं होतं. आग त्याच्या लाइटरने लागली, असं कंपनीने कळवलं होतं. आता चौकशीत मुलीने एवढंच सांगायचं की लाइटर त्याच्याकडे होता. "खोटं काहीच बोलायचं नाही, मॅडम. होता ना?"

मुलगी म्हणाली, "आग आधी आली होती."

"धूर होता, गडबड होती. आधी काय, नंतर काय, कोणी पाहिलंय?"

"मी ऐकलंय," मी म्हटलं.

तो हसला. "काकू, तुम्ही इथे दुबईत होता. फोनवर कुठे आग ऐकू येते?"

"बायको चिडलेली तुम्हाला फोनवर ऐकू येते ना? तशीच."

तो गेल्यावर जावई हळूच म्हणाला, आई, जरा विचार करू, हिची नोकरी आहे, व्हिसा आहे. मी म्हटलं, विचार कर, पण तो माणूस तुरुंगात आहे, तेव्हा लवकर कर. त्याने केला. मुलगी तर खरं सांगायला आधीपासूनच तयार होती.

चौकशी व्हिडिओ कॉलवर झाली. समोर तिकडची एक बाई अधिकारी होती. मुलीने सगळं सांगितलं. मग मला बसवलं आणि जावई माझं बोलणं इंग्रजीत सांगू लागला. कपाळावरचा घाम पुसत तो इतकं घोळून बोलत होता की माझी दोन वाक्यं संपेनात. मला इंग्रजी येत नाही, चौथीपर्यंतच शिकले. पण दुकानात, बसमध्ये चालवते तेवढं आहे. मी त्याला थांबवलं आणि त्या बाईला म्हटलं, "फर्स्ट फायर. देन लाइटर."

तिने मला तेच पुन्हा बोलायला लावलं. मी बोलले. तिने लिहून घेतलं.

रखवालदार सुटला. कंपनीने त्याला कामावरून काढलं, कारण बंदी असताना लाइटर त्याच्याकडे होता. मुलीच्या संस्थेला पुन्हा बोलावणं आलं नाही. बंदी आहे तशीच आहे, आणि न झालेला धूर विकणं चालू आहे. तिथे पाऊस पडून गेला, गवत पुन्हा वाढलं असणार.

कंपनीने छापलं की आगीत मनुष्यहानी नाही. तसं नाही. स्वयंपाक करणारी बाई ओढ्यावरून परत येताना वाटेत गेली. माझी मुलगी, ड्रायव्हर आणि तो रखवालदार वाचले.