फाटकावरची कोंबडी

बडोद्यात निजामपुऱ्यातल्या त्या सोसायटीच्या बागेत शिरलात की आधी एक माकड भेटतं. सिमेंटचं. दोन्ही हातांनी स्वतःचं शेपूट घट्ट धरून, दात विचकून बसलेलं, आणि पोटावर गुजरातीत लिहिलेलं, ‘फूल तोडशो नहीं’. पुढे नळाशी एक बदक आहे. ते पाणी वाया घालवणाऱ्याकडे असं काही रोखून बघतं की माणूस ओशाळून नळ बंद करतो. वाचनालयाच्या दाराशी एक म्हातारं कासव ओठांवर बोट ठेवून बसलंय. कासवाला बोट कुठून आलं, असला प्रश्न आजवर तरी कुणी विचारलेला नाही.

ही सगळी मोहनाची करामत. मोहना शिल्पकला शिकलेली, बडोद्यातच. मोठमोठे पुतळे करीन म्हणून शिकली आणि लग्नानंतर पाट्या करत बसली. आता पाट्या म्हटलं की तुम्हाला पत्रा आणि रंग आठवेल, तसलं नाही हो. सळ्या वाकवायच्या, त्यावर जाळी बांधायची, सिमेंट थापायचं, बोटांनी नाक-डोळे काढायचे, मग ओलं गोणपाट गुंडाळून रोज पाणी मारत राहायचं. फतेगंजची बालवाडी म्हणू नका, मकरपुऱ्यातल्या कारखान्याचं कँटीन म्हणू नका, सगळीकडे तिची जनावरं बसलीत आणि सगळी एकच काम करतात. लोकांना ‘नाही’ म्हणतात.

“नुसतं ‘नाही’ लिहिलं की माणूस चिडतो,” मोहना सांगायची. “त्याला गाल काढा, डोळे काढा, थोडं हसवा. मग कसं मुकाट्याने ऐकतो!”

तिचा कारखाना म्हणजे सोसायटीच्या पार्किंगमधला पाण्याच्या मोटारीशेजारचा कोपरा. तिथे तिच्या नवऱ्याची, रमाकांतची, जुनी स्कूटर धूळ खात उभी. ती विकायची नाही असं मोहनाने बजावून ठेवलेलं, कारण तिला तिचा आरसा लागे. माकडाचा राग हवा की ही बया आरशात बघून स्वतः दात विचकणार. बदकाचा रुसवा हवा की ओठांचा चंबू करून बसणार. येणारे-जाणारे हसायचे. तीही हसायची. हसण्यात तिचा हात धरणारं त्या सोसायटीत कोणी नव्हतं.

घरात माणसं तीनच. मोहना, रमाकांत आणि सासरे तात्यासाहेब. मुलगी शिकायला पुण्यात. तात्यासाहेबांचे आजोबा संस्थानाच्या खासगी खात्यात नोकरीला होते, हे त्यांना भेटलेल्या माणसाला पहिला चहा संपायच्या आत कळतंच. माणूस प्रेमळ. कधी आवाज चढवला नाही, कधी सुनेला टाकून बोलले नाहीत. “आमच्या घरात बायकांना कुणी अडवलेलं नाही,” हे त्यांचं आवडतं वाक्य, आणि ते शंभर टक्के खरं होतं. सगळी गोम तिथेच होती. कुणी अडवलं असतं तर मोहना चांगली भांडली असती!

चार वाजता तात्यासाहेबांना चहा लागायचा. आलं घातलेला, सोबत बशीत लीलो चेवडो, म्हणजे बडोद्याचा तो ओलसर चिवडा, आणि चहा मोहनाच्याच हातचा. दुसऱ्या कुणी केला तर ते “छान झालाय” म्हणायचे आणि कप अर्धा ठेवायचे. एवढंच. या अर्ध्या कपाच्या धाकाने मोहना मैत्रिणीच्या मुलीच्या लग्नाला सुरतेला गेली नाही आणि माहेरी राहायला गेली की दुसऱ्या दिवशी परत. कधी फारच जिवावर आलं तर ती म्हणायची, “तात्यासाहेब, आता एक बदकच करून गॅसपाशी उभं करते, ते देईल चहा!” तात्यासाहेब पोट धरून हसायचे. रमाकांत हसायचा. आणि हसता हसता हीच उठून आलं किसायला लागायची.

अशात ऋचाचा फोन आला. ऋचा तिची कॉलेजातली मैत्रीण, आता भुजला. तिथे लहान मुलांचं एक नवं रुग्णालय उभं राहत होतं आणि आतल्या सगळ्या पाट्या मोहनाने तिथे येऊन कराव्यात असं ऋचाचं म्हणणं होतं. दोन महिन्यांचं काम.

“आणि ऐक,” ऋचा म्हणाली, “एकसुद्धा ‘नाही’ नकोय मला. घाबरलेलं पोर दारातून आत आलं पाहिजे. इंजेक्शनच्या खोलीबाहेर काय बसवायचं ते तू सांग. फक्त रविवारपर्यंत हो की नाही कळव, नाहीतर मला दुसरं कोणी बघावं लागेल.”

फोन ठेवायच्या आत मोहनाला ते दिसलं. सोंडेला पट्टी बांधलेला हत्ती, एक डोळा घट्ट मिटलेला, दुसरा किलकिला. तिचे हात अक्षरशः शिवशिवायला लागले. कित्येक वर्षांत तिला इतकं काही हवंसं वाटलं नव्हतं.

जेवताना तिने विषय काढला.

“अरे वा! जा की,” तात्यासाहेब म्हणाले. “कोण अडवतंय? माझ्या चहाचं तेवढं काहीतरी ठरवून जा, म्हणजे झालं.”

“जा ना,” रमाकांतही म्हणाला. “तात्यांचं तेवढं जमव तू.”

झालं! दोघांनी परवानगी दिली आणि अडचण तिच्याच गळ्यात बांधली. दुसऱ्या दिवशी तिने पोळ्यांच्या बाईंना चहा करायला लावला. तात्यासाहेब “छान झालाय” म्हणाले, कप अर्धा ठेवला आणि गॅलरीत जाऊन बसले. दिवेलागणीपर्यंत आत आले नाहीत. राग कुणावर काढायचा? म्हाताऱ्या माणसाने चहा टाकला म्हणून? तिने मुकाट्याने नवं आधण ठेवलं.

त्यातच सोसायटीच्या चेअरमन नयनाबेन पार्किंगमध्ये आल्या. मुख्य फाटक उघडं राहतं, पोरं पळत रस्त्यावर जातात, तर ‘झांपो बंध राखजो’ अशी एक मस्त पाटी हवी. झांपो म्हणजे फाटक. रविवारी सोसायटीचा वार्षिक मेळावा, तेव्हा ती बसवायची. “तमे ना तो नहीं ज पाडो ने, मोहनाबेन?” तुम्ही काही नाही म्हणायच्या नाहीत, असं त्यांनी विचारण्याआधीच धरून टाकलं होतं. मी भुजला जाणार आहे, हे मोहनाच्या अगदी ओठांवर आलं. आणि ती म्हणाली, “थई जशे.” होऊन जाईल. मग स्वतःवरच इतकी चिडली की सळई वाकवताना बोट चेमटून घेतलं.

कोंबडी करायची ठरवली. फाटकाच्या खांबावर बसलेली, दोन्ही पंख पसरून वाट अडवणारी, पण चेहऱ्याने गोड. तो गोडवा काही केल्या साधेना. मोहना स्कूटरच्या आरशापुढे बसली, चेहरे करून बघितले, पुसले, परत केले. शेवटी वैतागून तिने हात सवयीवर सोडले. सवयीने जो चेहरा आला तो राहू दिला. लगेच गोणपाट गुंडाळलं आणि चार वाजायला आले म्हणून वर पळाली. त्यानंतर रोज गोणपाटावरूनच पाणी मारलं, उघडून काही बघितलं नाही.

रविवार उजाडला. ऋचाला काही कळवलेलं नव्हतं. कोंबडी गोणपाटासकट खांबावर बसवून झाली होती, सकाळच्या उन्हात सगळी सोसायटी फाटकापाशी जमली होती, आणि वरचं गोणपाट काढायचा मान तात्यासाहेबांना होता. ते इस्त्रीचा कोट घालून आले होते. त्यांनी गोणपाट ओढलं.

एक पोरगी किंचाळली, “आ तो मोहनाआंटी छे!”

एकच हशा पिकला. टाळ्या पडल्या. मोबाइल वर झाले. मोहनाने मान वर करून बघितलं. चोच कोंबडीची होती, तुरा कोंबडीचा होता, पण हसू तिचं होतं. चहाचा कप पुढे करताना ती हसायची ते. ते हसू तोंडावर घेऊन, दोन्ही हात पसरून, तीच फाटक अडवून बसली होती.

“बघा, बघा!” तात्यासाहेब डोळे पुसत हसत होते. “आमची सूनबाई आता कायमची फाटकावर!”

कोण अडवतंय, असं त्यांनी विचारलं होतं ना? आता उत्तर सगळ्या सोसायटीसमोर खांबावर बसलेलं होतं. मोहनाला संताप आला, लाज वाटली, आणि मोठ्याने रडावंसं वाटलं. तेवढ्यात हातातला फोन वाजला. ऋचा.

“मी भुजला चाललेय,” मोहना फोन न उचलता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “दोन महिने.”

सगळे पुन्हा हसले. मोहनाबेन म्हणजे मस्करी, हे ठरलेलंच! पुढचा विनोदही तिच्या जिभेवर तयार होता, की ही कोंबडीच देईल चहा. तो केला असता तर परत टाळ्या पडल्या असत्या आणि चार वाजता तिने आलं किसलं असतं. तिने तो गिळला. हसली नाही. नुसती उभी राहिली.

रमाकांतचं हसू आधी मावळलं. मग नयनाबेनचं. तात्यासाहेबांना वेळ लागला.

“बरं बरं,” ते म्हणाले. “मग चहाचं काय ठरवलंस?”

“काही नाही.”

“अगं, पण कुणीतरी ठरवायला...”

“मी नाही ठरवणार, तात्यासाहेब.”

आवाज चढला नव्हता की कापला नव्हता. डोळे नाहीत, गाल नाहीत, तुरा नाही, असलं ‘नाही’ तिच्याकडून त्या घरात कुणी ऐकलंच नव्हतं. तात्यासाहेब तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी वर कोंबडीकडे बघितलं. बहुधा ओळखीचा चेहरा शोधत असावेत, तो तिथे होता.

फोन वाजतच होता आणि गलक्यात काही ऐकू आलं नसतं. मोहनाने कोंबडीच्या पंखाखालची कडी काढली, फाटक ढकललं आणि फोन उचलून बोलत बोलत रस्त्यावर गेली.

“मोहनाबेन!” नयनाबेन मागून ओरडल्या. “झांपो!”

ती वळली नाही. फाटक तसंच उघडं राहिलं.